खाली काटा

गाडी दोनदा मोजावी लागते.
एकदा कापसासकट, एकदा कापूस उतरवून.
भरती काटा, खाली काटा.
दोन्हींत जो फरक येते, तेवढाच कापूस.
बाकी सगळं लोखंड, ताडपत्री, ड्रायव्हरचं अंग
अन् सीटमागं ठेवलेला त्याचा डबा.
नऊ हंगाम झाले, आर्वी रोडच्या जिनिंगवर
मी हेच करते.

यंदा हाताखाली प्रणोती आली.
लग्नाला दीड वर्ष, माहेरी येऊन चार महिने.
मारत नव्हता म्हणते, पीत नव्हता, पगार हातात द्यायचा.
मग काय झालं, असं सगळे विचारतात.
मी नाही विचारलं.
तर परवा दोन मेटाडोरांच्या मधल्या वेळात
पावतीवर शिक्का मारता मारता तीच म्हणाली,
"काकू, तुम्ही आहात का खूश? काकांसोबत?
म्हणजे… सगळ्यातच?"
'सगळ्यात' म्हणताना ती खिडकीबाहेर पाहत होती.

मी म्हटलं, हाव ना, मले काय धाड भरली!
अन् पुढच्या गाडीचा नंबर चुकीचा टाकला.

भरती काटा सोपा आहे.
दोन पोरं, स्लॅबचं घर, बावीस वर्षं.
माझ्या ऑपरेशनच्या वेळी सेवाग्रामला
देविदास अकरा रात्री खाटेखाली झोपले,
माझी वेणीसुद्धा घातली, वाकडी.
हे सगळं मी त्यांच्या बाजूनं लिहिते, खाडाखोड न करता.
पण हे उतरवून घेतलं तर?
पोरं उतरली, स्लॅब उतरला, वाकडी वेणीसुद्धा उतरली,
मग अंधारात नुसती दोन माणसं.
त्यांचं वजन किती?

आमच्याकडे ते शेतातल्या लाइटीसारखं आहे.
कधी येणार, ते माहीत नसते.
आली की हातातलं काम टाकून मोटार सुरू करायची,
अन् पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचायच्या आत
ती जाते.
शेवटचा वाफा कोरडा राहिला, असं मी कधी म्हटलं नाही.
कोणत्या शब्दात म्हणतात ते?
आईनं शिकवलं नाही.
वहिनी पदरात तोंड घालून हसायच्या,
त्यावरून जेवढं कळलं तेवढं.

एकदाच. मोर्शीला, माझ्या माहेरी, मे महिन्यात,
गच्चीवर, ओली चादर अंथरून.
खाली कूलर असा घरघरत होता
की कोणाला काही ऐकू जाणार नव्हतं,
अन् कुठलीच घाई नव्हती.
नंतर देविदास आभाळाकडे तोंड करून म्हणाले,
"बरं वाटलं का वं तुले?"
बावीस वर्षांत एकदा.
मी म्हटलं, झोपा आता जी, पहाटेची बस आहे.

काल रात्री ते पडल्या पडल्या
मोबाइलवर भाव पाहत होते.
मी माझे थंड पाय त्यांच्या पोटऱ्यांना लावले.
म्हटलं, "बरं वाटलं होतं."
"काय?"
"मोर्शीले. गच्चीवर."
मोबाइल विझला. आपोआप, का त्यांनी विझवला, कळलं नाही.
कुटाराच्या ढिगाकडे कुत्री भुंकत राहिली.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"मले वाटलं, तुले नाई आवडलं.
म्हणून मंग मी पुन्हा इचारलंच नाई."

फार काही झालं नाही त्यानंतर.
पाय गरम झाले.
त्यांनी एक विचारलं, मी एक सांगितलं,
एका जागी दोघांनाही हसू आलं
अन् पलीकडच्या खोलीतली पोरगी खोकलली.

सकाळी काट्यावर दव पडलेलं असते.
वर काहीच नसते, तरी पडदा वीस किलो दाखवते.
रोज मी आधी शून्याचं बटण दाबते,
मगच गाडी घेते.
आज प्रणोती म्हणाली,
"काकू, शून्य करा ना, गाडी उभी आहे."
मी म्हटलं, थांब थोडी.